विषय क्रमांक सहा: तळवडेकरांची सूचना

कॉटन ग्रीन, मुंबई
२ एप्रिल २०२५

आदरणीय सुमतीताई,

रश्मीचा सप्रेम जय भीम, आणि तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे वाकून नमस्कारही. (दोन्ही करते. एकवीस वर्षं तुमच्या शेजारच्या टेबलावर बसले, एकात भागेल असं वाटत नाही.) गुडघा कसा आहे? वल्लरी फोनवर म्हणाली की आईला जिना उतरता येतो, चढवत नाही. मग तुम्ही वर परत येता कशा, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुण्याची हवा मानवली असेल अशी आशा करते. गिरगाव सोडताना तुम्ही रडला नाहीत, सामान नेणाऱ्या टेम्पोवाल्याला मात्र रडवलंत, ते अजून डोळ्यांपुढे आहे. माझं म्हणाल तर प्रकृती ठीक. वजन आहे तिथेच, साखर आहे त्याहून थोडी वर, आणि उजव्या हाताचं विचाराल, तर हे सगळं पत्र त्याच्याबद्दलच आहे.

निवृत्तीच्या दिवशी मी तुम्हाला शब्द दिला होता की यापुढे कुणाही पुढाऱ्याचं एक अक्षर लिहून घेणार नाही. पस्तीस वर्षं विधानभवनात मान खाली घालून मी इतकी भाषणं उतरवली की घरी कुणी सलग दोन वाक्यं बोललं तरी माझी बोटं आपोआप हलायची. (सासूबाई गेल्या त्या आठवड्यात त्या शुद्धीत नसताना काय काय बोलल्या, ते सगळं माझ्याकडे गॅसच्या पावतीमागे लघुलेखनात आहे. वाचायचा धीर झालेला नाही.) तर तो शब्द मी मोडला. कारण असं की आमची चाळ पाडून नवी इमारत होते आहे, आणि तळमजल्यावरची खोली तुम्हाला आठवत असेल. हळदीकुंकवाला आला होतात तेव्हा तुम्ही तिथे बसून पेपर वाचला होता. ते आमचं वाचनालय. चौदा टेबलं, दोन पंखे, एक कपाट. आमचा सम्यक तिथेच अभ्यास करून इंजिनियर झाला, कारण दहा बाय बाराच्या आमच्या खोलीत त्याच्या आजीचा टीव्ही राहायचा. आजही चाळीतली तीस-बत्तीस पोरं संध्याकाळी सहानंतर तिथेच बसतात. नव्या इमारतीतही एक खोली रहिवाशांसाठी सोडलेली आहे, पण बिल्डरच्या कचेरीचं पत्र आलं की या खोलीचं काय करायचं ते मान्यताप्राप्त समितीने ठराव करून एकतीस मार्चच्या आत कळवावं, नाहीतर तिथे विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप बसेल.

मान्यताप्राप्त समिती म्हणजे १९७९ साली स्थापन झालेली रहिवासी सर्वपक्षीय समिती. सर्वपक्षीय अशासाठी की कुठल्याही एका पक्षाने ती खोली गिळू नये. तेव्हा पक्ष चार होते. त्या चारांचे आता किती झाले हे मोजायला वेगळी समिती नेमावी लागेल, म्हणून आम्ही पाच माणसांवर थांबलो. अध्यक्ष चिंतामणी मयेकर, वय एकोणसत्तर, गोदीतून निवृत्त, मूळ समितीतला एकमेव हयात माणूस. दुसरी अॅडव्होकेट कादंबरी तळपदे. ही तुमच्याच ज्ञातीतली, राहते ठाकुरद्वारला, पण तिच्या पक्षाला इकडे माणूस मिळेना म्हणून तिला पाठवलं. तिसरा हर्षवर्धन, माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, बँकेत आहे, निळ्या झेंड्याचा. चौथे-पाचवे थोरले परब आणि धाकटे परब. हे चुलतभाऊ एकाच पक्षात वाढले, आणि पक्ष फुटला तेव्हा चीर बरोबर त्यांच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवरून गेली. तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं झालं तर अध्यक्षांमार्फत बोलतात. समितीच्या घटनेत आणखी एक जागा अपक्षाची आहे, ती रिकामी आहे असं आम्ही धरून चाललो. निदान पाच माणसं हजर असल्याशिवाय सभा नाही असाही नियम आहे. म्हणजे एकानेही दांडी मारली की संपलं. आणि सचिव मी, कारण मला लिहिता येतं आणि मला नाही म्हणता येत नाही.

नवीच समिती का केली नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. कादंबरी म्हणाली की बिल्डरच्या करारात नाव जुन्या समितीचं आहे, नवी केली तर ती मान्यताप्राप्त ठरणार नाही. जुनी समिती कधी विसर्जित झालेली नाही, फक्त एक्केचाळीस वर्षं भरलेली नाही. तेव्हा कपाटातून जुनं इतिवृत्ताचं पुस्तक काढायचं आणि जिथे थांबलं तिथून पुढे चालू करायचं. हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिल्या सभेची तारीख ठरायला तीन आठवडे लागले. ते सगळं लिहीत नाही, तुम्ही आयुष्यभर तेच पाहिलंत. एवढंच सांगते की मोबाईलवर ग्रुप केला, ग्रुपला नाव काय द्यायचं यावरून धाकटे परब बाहेर पडले, त्यांना परत आणायला थोरल्या परबांनी जायला हवं होतं पण ते अध्यक्षांमार्फत गेले, आणि शेवटी नऊ मार्च, रविवार, दुपारी चार ही वेळ ठरली. साडेपाचला संपवायचं, कारण सहाला पोरं येतात.

आता जे लिहिते ते नीट वाचा, आणि मला हसू नका. चार वाजता पाचही हजर. पहिला विषय, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. मी पुस्तक उघडायला लागले तर मयेकर घाईघाईने म्हणाले, वाचल्याचं समजण्यात यावं. सगळे हो म्हणाले. मग विषय सात. (जुनी विषयपत्रिका सहावर संपत होती, म्हणून कादंबरीने खोलीचा विषय सातवा धरला. हे महत्त्वाचं आहे.) थोरल्या परबांनी घसा साफ केला, उभे राहिले, "ही खोली म्हणजे," एवढं म्हणाले आणि थांबले. टेबलाच्या पार टोकाला, कपाटाजवळ कुणी बसलेलं नव्हतं. तिकडे बघून ते म्हणाले, "सॉरी, सॉरी. तुमचं होऊ द्या." आणि खाली बसले.

सुमतीताई, या माणसाने आयुष्यात कुणाचं होऊ दिलेलं नाही. तरी कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, कारण आम्हा सगळ्यांना तेच वाटत होतं. कुणीतरी बोलतंय आणि आपण मध्ये तोंड घालतोय, असं. आवाज म्हणाल तर शून्य. पंख्याची खरखर, बाहेर भंगारवाला. पण एखादा माणूस बोलत असताना आपली मान जशी आपोआप त्याच्याकडे वळते, तशा पाचही माना कपाटाकडे वळल्या होत्या. कादंबरी मध्येच काही बोलायला गेली आणि तोंडावर हात ठेवून गप्प झाली. मला वाटलं, दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग धाकट्या परबांनी सहज घड्याळ पाहिलं तर पाच पस्तीस. दारात लवकर आलेली पोरं दप्तरं घेऊन उभी. मयेकर सभा तहकूब म्हणाले आणि चपला तिथेच ठेवून अनवाणी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इतिवृत्त लिहायला वही उघडली. तीन पानं भरलेली होती. माझ्याच पेन्सिलीने, माझ्याच दाबाने, पण मला लिहिल्याचं आठवत नाही. तिन्ही पानांवर एकच खूण, ओळीमागून ओळ. ती वाचता आली, कारण लघुलेखनाच्या तुमच्या जुन्या पद्धतीत आणि आमच्या नव्या पद्धतीत ती सारखीच आहे. म. म म म म. तीन पानं नुसता म.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे भूतबित चालत नाही. माझ्या वडिलांनी, सीतारामबाबांनी, गावच्या घरातला देव्हारा स्वतःच्या हातांनी उतरवला होता, त्यांची मुलगी असल्या गोष्टीला भिणार नाही. म्हणून मी वही हर्षवर्धनला दाखवली. तो म्हणाला, "काकी, तुमची साखर तपासा." तपासली. एकशे बेचाळीस. मग म्हणाला, जुना रंग असेल, गॅस असेल, बंद खोलीत डोकं भणभणतं. सोळा तारखेच्या दुसऱ्या सभेला त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या, सगळ्यांचे मोबाईल बाहेर ठेवले आणि सगळ्यांच्या जागा बदलल्या. (त्यामुळे दोन परब शेजारी-शेजारी आले. ते जास्त भयंकर होतं.) आज मीच बोलतो म्हणून उभा राहिला. विषय सात म्हणाला, वाचनालयावर तीन वाक्यं चांगली बोलला, आणि चौथं अर्ध्यात सोडून कपाटाकडे वळला. मान हलवायला लागला. बाकीचे सगळे पुन्हा तसेच. दिवसाढवळ्या, खिडकीतून रस्त्यावरचा उसाचा रसवाला दिसतोय, घुंगरं ऐकू येतायत, आणि आत पाच पक्षांची पाच माणसं एका रिकाम्या खुर्चीचं बोलणं अदबीने ऐकतायत. भानावर आलो तेव्हा पुन्हा साडेपाच. हर्षवर्धनच्या समोरच्या कागदावर त्याच्याच अक्षरात एक शब्द होता, "बरोबर." त्याने तो कागद घडी करून खिशात घातला आणि माझ्या साखरेबद्दल पुन्हा बोलला नाही. माझ्या वहीत पाच पानं म.

तेव्हा मी जे सगळ्यांत आधी करायला हवं होतं ते केलं. जुनं पुस्तक वाचलं. शेवटच्या सभेची नोंद अशी आहे, जशीच्या तशी उतरवते: "दि. १३ नोव्हेंबर १९८३. विषय क्र. ६, श्री. गुणाजी तळवडेकर (अपक्ष) यांची सूचना. श्री. तळवडेकर बोलण्यास उभे राहिले. ते बोलत असता वेळ संपल्याने सभा तहकूब." खाली सही, सचिव, चिं. मयेकर.

तुम्ही आणि मी यात काय वाचू ते बाकी कुणी वाचणार नाही. बोलत असताना सभा तहकूब झाली तर पुढची सभा त्याच सदस्याच्या भाषणाने सुरू होते. त्याचं संपल्याशिवाय पुढचा विषय घेता येत नाही. हे तुम्ही मला पहिल्याच वर्षी शिकवलंत आणि चुकले तेव्हा ओरडलातही. ताई, माझा भुतांवर विश्वास नाही. पण सभेच्या नियमांवर आहे, आणि नियमाप्रमाणे तो माणूस अजून उभा होता.

तळवडेकर वारले सत्त्याऐंशी साली. मी या चाळीत लग्न करून आले नव्वदला, म्हणून मला नाव माहीत नव्हतं. पण त्यांची बायको मला रोज दिसते. अकरा नंबरच्या कमलाबाई, वय सत्त्याऐंशी, दारात तांदूळ निवडत बसतात त्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांच्या यजमानांबद्दल कानाशी मोठ्याने विचारलं. म्हणाल्या, कापसाच्या वखारीत गाठी उचलायचे. माणूस देवासारखा, पण बोलताना अडखळायचे. सगळ्यात जास्त म वर. म आला की जीभ टाळूला चिकटायची ती सुटायची नाही. आणि सभेत बोलायचं म्हणजे सुरुवात "माननीय अध्यक्ष" अशीच करावी लागते. चार महिने त्यांनी वखारीत दुपारच्या सुट्टीत कापसाच्या गाठींपुढे उभं राहून सराव केला होता. सभेत उभे राहिले आणि पहिल्याच अक्षराला अडकले. मग लोक हसले, आणि घंटी वाजली.

"घराक इले, शर्ट काढून खुंटयेर ठेवल्यानी," कमलाबाई म्हणाल्या, "आणि म्हणाले, पुढच्या सभेक बोलतंय. मगे चार वर्सां विचारीत होते, सभा कधी, सभा कधी. तारीखच ठरा नाय."

काय बोलायचं होतं, असं मी विचारलं.

"माका सांगूक नाय गो. म्हणायचे, सभेचा ता सभेत."

त्यानंतर त्यांनी तांदळातला एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला, जणू मी तो मागायलाच आले होते. मी तो पदराला बांधून घरी आणला. का, ते विचारू नका.

तिथून उठून मी सरळ मयेकरांकडे गेले. पुस्तक हातात पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "वाचलंत ना?" मग बसले. सत्तावीस वर्षांचा होतो हो, म्हणाले. वेळ मोजायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येकाला सात मिनिटं. तळवडेकर नुसतं म म करत उभे, लोक खिदळतायत, मलाही हसू आवरेना, म्हणून मी घंटी मारली. "दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती, रश्मीताई. आणि वर मी लिहिलं, वेळ संपल्याने." पुढे तारीख ठरेना याला कारणं होती, माणसं पांगली होती, पण खरं सांगायचं तर मीही फार खटपट केली नाही, त्या माणसाच्या तोंडाकडे पुन्हा बघवणार नाही म्हणून. हे सांगताना एकोणसत्तर वर्षांचा माणूस पायजम्याची नाडी बोटाला गुंडाळत होता. सुमतीताई, पस्तीस वर्षांत मी खोटं इतिवृत्त कधी लिहिलं नाही, आणि खोटं इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाची कीव येईल असंही मला कधी वाटलं नव्हतं.

आता तिसरी सभा. तेवीसला थोरल्या परबांच्या मुलीचा साखरपुडा. तीसला पाडवा, आणि पाच जणांच्या चार वेगवेगळ्या शोभायात्रा. एकतीसला मुदत संपणार. राहिला एकोणतीस, शनिवार, दुपारी चार. त्या दिवशी सगळे मोकळे होते, कारण अमावस्या होती आणि त्यामुळे कुणी दुसरं काही ठरवलेलंच नव्हतं. वर पंचांगात ग्रहण. (ते आपल्याकडे दिसणार नव्हतं, पण आईला हे सांगून उपयोग काय, असं धाकटे परब म्हणाले. थोरले परब म्हणाले, काकीला मी सांगतो. मधे अध्यक्ष नव्हते. तीन वर्षांतलं ते पहिलं वाक्य.)

कादंबरी घटना वाचून आली होती. सदस्यत्व दोनच कारणांनी संपतं, ती म्हणाली, राजीनामा दिला तर किंवा ठराव करून काढलं तर. "मृत्यू लिहिलेलाच नाही. म्हणजे तळवडेकर सदस्य आहेत." हर्षवर्धनने हरकतीचा मुद्दा घेतला. हे अंधश्रद्धेला खतपाणी आहे, आपल्या पक्षाचा विरोध नोंदवावा. मी नोंदवला. मग तोच म्हणाला, पण एका कष्टकरी माणसाचं भाषण खोटं कारण देऊन बंद पाडलं असेल तर त्याला वेळ परत देण्याला पक्षाचा विरोध नाही. हे बघा ताई, सगळे पक्ष एकत्र येतात ते असे, प्रत्येकजण आपापल्या दाराने. सूचक धाकटे परब, अनुमोदक थोरले परब.

मयेकर उठले. कपाटाकडे तोंड करून, हात जोडून म्हणाले, "तळवडेकर, घंटी मी मारली. वेळ होता. माझी चूक." मग म्हणाले, "माननीय म्हणायची गरज नाही. आज वेळेचं बंधन नाही. तुम्ही थेट बोला."

खाली बसताना त्यांनी टेबलावरची घंटी उचलून खिशात घातली.

माझ्या बोटांना पेन्सिलीचा स्पर्श झालेला कळला, त्यानंतर हात माझा राहिला नाही. हात जोरात चालला होता, अगदी अर्थसंकल्पाच्या चर्चेत चालायचा तसा. आवाज अजूनही नव्हता. मी मान वर करून सगळ्यांकडे पाहू शकत होते, खाली हात लिहीत होता. कादंबरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. एकदा सगळे एकदम हसले, मीसुद्धा. ते हसणं एखाद्याने चांगला विनोद केल्यावर येतं तसलं मोकळं होतं, पण विनोद काय होता ते मला सांगता येणार नाही. हर्षवर्धन मधूनमधून टेबलावर हात आपटून दाद देत होता. दोन परब एका क्षणी एकमेकांकडे बघून शरमले. सहा वाजता पोरं आली, दारातच थांबली, आणि ताई, ती बत्तीस पोरं पाय न वाजवता आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांच्या पाठीमागे दाराची चौकट धरून कमलाबाई.

पावणेसातला पेन्सिल थांबली. खोलीतलं काहीतरी हललं असं म्हणणार होते, पण काहीच हललं नाही. फक्त कपाटाकडे बघायची गरज संपली. मयेकरांनी विचारलं, विषय सहा मंजूर? पाच हात वर. विषय सात, खोली वाचनालयासाठीच राहावी? पाच हात वर, चार मिनिटांत, एकही भाषण नाही. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी सुरळीत सभा मी पाहिलेली नाही. कमलाबाई तोवर निघून गेल्या होत्या.

जिना चढताना हर्षवर्धनने मला हळूच विचारलं, "काकी, सहामध्ये आपण नक्की काय मंजूर केलं?" मी म्हटलं, तुलाच आठवत असेल. तो म्हणाला, नाही, पण फार योग्य होतं एवढं आठवतं. रविवारी चाळीत गुढ्या उभारत होते तेव्हा मी बाकी चौघांना विचारलं. चौघांचंही उत्तर तेच. ठराव मात्र शनिवारीच ईमेलने गेला, दोन्ही विषयांचा मिळून, कारण कादंबरीच्या मते सहा वगळला तर सात बेकायदेशीर. त्यात लिहिलंय, "विषय क्र. ६ : श्री. तळवडेकर यांनी आपल्या भाषणात मांडल्याप्रमाणे एकमताने मंजूर."

तर असं झालं. खोली वाचली. मयेकरांनी जुन्या पुस्तकात "वेळ संपल्याने" यावर रेघ मारून बाजूला खरं काय ते लिहिलं आणि सही केली. काल दोन परब एकाच रिक्षातून उतरले. मी जेवते-खाते आहे. तुम्ही काळजी करू नये. गुडघ्याला शेक देत जा, आणि वल्लरीला माझा आशीर्वाद.

तुमची,
रश्मी

ता. क. सोबतच्या जाड पाकिटात त्रेचाळीस पानांची झेरॉक्स आहे. हे ते भाषण. सगळं तुमच्या जुन्या पद्धतीच्या खुणांत आहे. मी ती पद्धत कधी शिकले नाही, तरी माझ्या हाताने लिहिली आहे. ऑफिसातले तुमच्या बरोबरीचे सगळे गेले, ती वाचू शकेल अशी तुम्ही एकटी उरलात. समितीला पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायचंय, म्हणून पंधरा तारखेपर्यंत मराठीत उतरवून पाठवाल का? एखादा शब्द लागला नाही तर जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका. आणि एक विनंती माझी स्वतःची. समितीला पाठवायच्या आधी कमलाबाईंना फोन लावून वाचून दाखवा. त्या दाराशी उभ्या होत्या, पण त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, बारा वर्षं झाली. फोन मी त्यांच्या चांगल्या कानाला धरेन, तुम्ही मोठ्याने वाचा.

ता. क. दोन. पाकीट बंद करत होते तेवढ्यात बिल्डरच्या कचेरीचं उत्तर आलं. विषय सात मान्य. विषय सहाही "आपण मागितल्याप्रमाणे" मान्य, काम सोमवारी सुरू करतो, फक्त लांबी-रुंदी कळवावी आणि ते जमिनीखाली हवं की वर, ते स्पष्ट करावं. तेव्हा पंधरा तारखेचं राहू द्या. हे पत्र पोचल्याबरोबर निदान पहिली दहा पानं वाचा आणि फोन करा. आम्ही मंजूर केली ती वस्तू आहे की माणूस, एवढं जरी सांगितलंत तरी सध्या चालेल.